मामाची मांडी

सूर्य मोटेच्या धावेवर चढला की देवराम आपल्या धाकट्या भावाचे डोळे तपासत असे. भिमाजी विहिरीच्या काठाशी पूर्वेकडे तोंड करून उभा राही. देवराम त्याच्या हनुवटीला दोन बोटे लावून चेहरा उजेडाकडे वळवी, डाव्या तळहाताने डोळ्यांवर सावली धरी, ती काढी आणि पुन्हा धरी. सावलीत बाहुली मोठी झाली, उन्हात आकसली, की तो नुसते "हं" म्हणे आणि दोघे आपापल्या वाफ्यांकडे वळत. नाशिकरोडच्या तुरुंगातून भावाला घेऊन येताना तिथल्या डॉक्टरांनी देवरामला ही युक्ती शिकवली होती. "अफू पोटात गेली की बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते," ते म्हणाले होते. "मग तुम्ही त्याला ऊन दाखवा नाहीतर अंधार. ती हलत नाही."

भिमाजी घरी आल्याला आज एक्केचाळिसावा दिवस होता. झेंडूच्या पाट्यांखालून माळव्याची चोरटी अफू नेताना भिमाजी सापडला, तेव्हा तो ती जितकी विकत होता तितकीच खातही होता. दीड वर्षाच्या शिक्षेपैकी वर्ष आत गेले, आणि उरलेले सहा महिने देवरामने लिहून दिलेल्या जामीनकतब्यावर तो घरी आला. कतब्यातले कलम सरळ होते. भिमाजीने अफूला हात लावला, तर जामीनदाराने स्वतः जाऊन वर्दी द्यायची आणि भावाला तुरुंगाच्या दारात पोचवायचे. शब्दाखाली सही केली की देवरामच्या लेखी तो विषय संपत असे. म्हणूनच ते "हं" म्हणण्याआधी तो रोज दोन्ही डोळे दोनदा तपासत असे.

"हं," तो आजही म्हणाला.

"दादा, आज जरा लांबवलंस," भिमाजी हसला. "नवरी बघायला आल्यासारखा बघत होतास."

"आज जावळ आहे. चूक नको."

मखमलाबादच्या रस्त्यावरच्या त्या मळ्यात वर्षभरानंतर प्रथमच भांडी मोठ्याने वाजत होती. बहीण सिंधुबाई सात महिन्यांच्या गेणूला घेऊन अठरा दिवसांपूर्वी देवळ्याहून माहेरी आली होती. तिचे सासू-सासरे, रंगूबाई आणि गोटीराम तात्या, परवा सर्व्हिस मोटारीने येऊन दाखल झाले होते. देवरामची बायको चतुरा गेल्यापासून घराचा सारा भार भिमाजीची गोजराबाई वाहत होती, आणि ती आज पुरण ढवळता ढवळता गाणे गुणगुणत होती. देवरामने पहाटेच सगळ्या कामांच्या वेळा ठरवल्या होत्या. सडा कधी, पाट कधी, न्हाव्याचा चहा कधी, औक्षण कधी. नऊ वाजून दहा मिनिटांनी वस्तरा लागायचा होता. त्याच्या खिशातले घड्याळ आठ पंचावन्न दाखवत असताना पुंजा न्हावी ओट्यावर वस्तरा चामड्यावर घासू लागला, आणि देवरामला वाटले, जग अजून वेळेवर चालते.

तेवढ्यात गोटीराम तात्या खाकरले.

देवळ्याच्या बाजारात कांद्याचा ढीग दुरून बघून वजन सांगणारा हा माणूस. पण परवापासून त्यांची तब्येत बरी दिसत नव्हती. नाकाला धार लागली होती, बसल्या जागी पाय हलत होते, आणि जांभई आली की जबडा निखळेल असे वाटे.

"देवराम पाव्हणं," ते उपरण्याने नाक पुसत म्हणाले, "राग मानू नका. जावळाला पोर मामाच्या मांडीवर बसवायचं, बराबर शे. पण थोरले मामा तुम्ही हाय ना? मग मांडी तुमची घ्या."

ओट्यावर पाट मांडणारा भिमाजी तसाच वाकलेला राहिला.

"तात्या," सिंधुबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून म्हणाली, "मी नवस बोलले होते. भिमादा सुटला तर पोराचं जावळ त्याच्याच मांडीवर करीन."

"नवस तुझा, नातू माझा. जेलातून आलेल्या माणसाच्या मांडीवर पोराची पहिली केसं पडली, तर उद्या देवळ्यात लोक काय बोलतील? अफू खाणाऱ्याचा भरवसा काय?"

"अहो, पण तो आता खात नाही," रंगूबाई म्हणाल्या.

"तू गप. तुला काय कळतं त्यातलं?"

"आणि तुम्हाला लय कळतं!"

देवरामने भावाकडे पाहिले. भिमाजीने पाटाचा एक पाय उगाचच सरळ केला. खरे तर त्या क्षणी देवरामने ठाम उभे राहायला हवे होते. पण व्याही दारात आले होते, घड्याळ आठ अठ्ठावन्न दाखवत होते, आणि मुहूर्त टळणे त्याच्या हिशेबात कुठेच बसत नव्हते. "बरं, मीच बसतो," तो म्हणाला, आणि म्हणताक्षणीच त्याला स्वतःची लाज वाटली. सिंधुबाईने त्याच्याकडे असे पाहिले की त्याने नजर पुन्हा घड्याळाकडे वळवली.

"झालं तर मग," तात्या मोकळे झाले.

"आता पोराला गोळी द्या," पुंजा न्हावी म्हणाला. "निजलं पोर बरं. वस्तऱ्याखाली हललं तर डोकं फाडून घेईल."

बाळगोळी घराघरांत होती. बायका निंदणीला, तोडणीला जात, तेव्हा तान्ह्याला ती काळी, मिऱ्याएवढी गोळी दुधात उगाळून देत. पोर बांधावर दिवसभर निजे. तीत थोडी अफू असे, हे सगळ्यांना ठाऊक होते, आणि तिला अफू मात्र कोणी म्हणत नसे. सिंधुबाईने पाळण्याच्या उशाखालची पितळेची डबी काढली, झाकण उघडले आणि ती तशीच उभी राहिली.

"काय झालं गं?"

"रिकामी आहे. परवा भरलेली होती!"

कोणाचेही नाव कोणी घेतले नाही. तरी ओट्यावरचे, अंगणातले आणि उंबऱ्यातले सारे डोळे एकाच माणसाकडे वळले. पुंजा न्हाव्यानेही वस्तरा घासणे थांबवले.

"घ्या!" तात्यांनी मांडीवर थाप मारली. "तान्ह्या लेकराच्या तोंडचं खाल्लं! मी काय बोललो होतो?"

देवरामला जामीनकतबा आठवला. सहा महिने. सही. वर्दी. त्याला दिसत होते की तो आणि भिमाजी टांग्यात शेजारी बसून नाशिकरोडकडे चालले आहेत. त्याच वेळी त्याला एक विचित्र गोष्ट दिसली. गोजराबाई पदराचा बोळा तोंडात कोंबून भिंतीकडे वळली होती आणि तिचे खांदे गदगदत होते. रडते आहे, असे त्याला वाटले. मग तिने चुकून मान वळवली, आणि ती रडत नव्हती.

"भिमा, इकडे ये."

भिमाजी अंगणाच्या मध्यभागी, भर उन्हात आला. देवरामने हनुवटीला बोटे लावली. सावली धरली; बाहुली फुलली. सावली काढली, आकसली. त्याने पुन्हा पाहिले, उजवा पाहिला, डावा पाहिला, आणि जेव्हा त्याच्या तोंडून "हं" निघाले तेव्हा ते इतके मोठ्याने निघाले की विहिरीवरचे पारवे उडाले.

"यानं काही खाल्लेलं नाही."

"डोळ्यात बघून कोणी सांगतं का?" तात्या म्हणाले. "बैल घ्यायला आलाय का तुम्ही? तुमचा भाऊ, तुमचे डोळे, तुम्हीच न्यायाधीश!"

देवरामला हा आक्षेप पटला. एका मापावरून काही सिद्ध होत नाही. शेजारी दुसरी मापे हवीत. "बराबर आहे," तो म्हणाला. "सगळ्यांनी ओळीनं उभं राहा."

"सगळ्यांनी?"

"पुंजा, तूसुद्धा. वस्तरा ठेव खाली."

मग त्या अंगणात जे सुरू झाले, त्याला पुढे कित्येक वर्षे त्या घरात 'डोळ्यांचं जावळ' म्हणत. पुंजा न्हावी छाती काढून उभा राहिला आणि डोळे इतके वटारले की त्यांना पाणी आले. सिंधुबाई रागातच होती, तिने नुसती मान वर केली. गोजराबाईच्या डोळ्यांत हसून हसून पाणी होते, देवरामला दोनदा पुसायला सांगावे लागले. गेणूच्या डोळ्यांवर त्याने सावली धरली तेव्हा पोराने त्याचा अंगठा पकडून थेट तोंडात घातला. रंगूबाई तर हनुवटी धरताच लाजून लाल झाल्या.

"चाळीस वर्षं झाली हो माझ्या लग्नाला," त्या म्हणाल्या. "इतकं निरखून कोणी माझ्या डोळ्यांत बघितलं नाही."

"विहीणबाई, हलू नका."

"नाही हलत. तुम्ही बघा सावकाश!"

पुंजा हसला, सिंधुबाईचा राग फुटून तीही हसली, आणि हसण्याची ती लाट अंगणभर पसरत असताना देवराम शेवटच्या माणसापाशी, तात्यांपाशी आला.

"माझं काय बघायचंय?"

"माप पुरं व्हायला हवं."

तात्यांची हनुवटी गार आणि घामट होती. देवरामने चेहरा उन्हाकडे वळवला. बाहुली मोठी होती. त्याने सावली धरली, मोठीच. सावली काढली, ऊन सरळ डोळ्यात पडू दिले, तरी ती म्हशीच्या डोळ्यासारखी काळीभोर आणि टपोरी राहिली. देवराम गोंधळला. लहान बाहुलीचे काय करायचे हे डॉक्टरांनी सांगितले होते. इतक्या मोठ्या बाहुलीविषयी ते काहीच बोलले नव्हते.

"काय दिसतं?" तात्यांनी विचारले, आणि उत्तर यायच्या आत ते शिंकले. एकदा, दोनदा, सात वेळा. शेवटच्या शिंकेनंतर त्यांच्या दोन्ही दंडांवर सरसरून काटा आला. माघातले ऊन चटका देत होते, आणि म्हातारा कुडकुडत होता.

भिमाजी इतका वेळ एका बाजूला उभा होता. तो आत गेला, गोधडी घेऊन आला आणि तात्यांना अंगणातल्या बाजेवर बसवून त्याने ती त्यांच्या खांद्यांवर घातली.

"तात्या," तो हळू आवाजात म्हणाला, "पोटऱ्या आतून कोणी पिळतंय असं वाटतं का?"

"वाटतं."

"रात्री कूस बदलून बदलून अंथरूण गोळा होतं?"

"तुला कुणी सांगितलं?"

"मला कोण सांगणार? मी हे सगळं काढलंय. तुरुंगात, डॉक्टरांकडे नेईपर्यंत, पहिले आठ दिवस."

तात्यांनी नजर चुकवली. कोणाला काही उमगायच्या आत गोजराबाईचा बांध फुटला. ती ओट्याच्या पायरीवर मटकन बसली आणि पोट धरून हसू लागली.

"भाऊजी, मला माफ करा," ती धापा टाकत म्हणाली. "ज्यानं कोणी त्या गोळ्या खाल्ल्या, त्यानं गूळ खाल्ला हो! गूळ आणि ओवा! वरून तव्याची काजळी लावली होती मी. त्या डबीत दहा दिवसांपासून अफूचा कणसुद्धा नाही!"

"तरीच!" तात्या गोधडीतून ओरडले. "तरीच म्हटलं, सहा खाल्ल्या तरी काही फरक कसा पडत नाही!"

पुरण करपल्याचा वास सगळ्यांना एकदम आला, पण आत जायला कोणी तयार नव्हते.

"अहो," रंगूबाई फार सावकाश म्हणाल्या, "तुम्ही नातवाच्या गोळ्या खाल्ल्या?"

"माझी डबी घरी राहिली ना! दुसऱ्या कोटात," तात्यांचा आवाज आता बारीक झाला होता. "गुडघ्यांसाठी घेतो मी थोडीशी. परवान्याच्या दुकानातली. चोरून नाय, सरकारला पैसे मोजून. वीस वरसं झाली."

"गुडघ्यांसाठी तर मी लसणाचं तेल लावते रोज!"

"त्यानं काय होतंय?"

पुंजा न्हाव्याने तोंडावर हत्यारांची धोपटी धरली, तरी त्याचा आवाज बाहेर आलाच. मग सिंधुबाई हसली, मग रंगूबाई, आणि शेवटी स्वतः तात्या, शिंकत शिंकत, लाजत लाजत. एकटा देवराम हसत नव्हता. त्याच्या डोक्यात एकच प्रश्न खिळ्यासारखा उभा होता.

"गोळ्या बदलल्या कोणी? भिमा, तू हात लावलास?"

हसणे थांबले.

"नाही दादा. हात नाही लावला."

"मग?"

"मी सांगते," गोजराबाई उठली, डोक्यावरचा पदर नीट केला. "वन्सं आल्या त्या दिवशी ह्यांनी बाळाकडे बघितलं आणि मला म्हणाले, ह्याच्या बाहुल्या बघ, टाचणीएवढ्या आहेत. पोर दूध ओढत नाही, हसत नाही, आपण ह्याला शहाणं म्हणतोय. मी म्हटलं, मग फेकून देऊ गोळ्या. तर म्हणाले, एकदम नाही. मला डॉक्टरांनी एकदम नाही तोडलं. आज पाऊण, तीन दिवसांनी अर्धी, मग पाव. मी विळीवर गोळी कापायची, उरलेला भाग गुळानं भरायची आणि हे तीन हात लांब उभे. हात असे पाठीमागे बांधून! 'जरा डावीकडे, अजून बारीक,' असं तिथूनच सांगायचे. मी म्हटलं, अहो जवळ तरी या. तर म्हणाले, दादानं सही केलीय."

देवरामने भावाकडे पाहिले. भिमाजीचे हात आत्ताही, सवयीने, पाठीमागे बांधलेले होते.

"आणि पोर आठवडाभर रडत होतं ते..." सिंधुबाई पुटपुटली. "मी म्हणत होते दात येतायत."

"रडणारच गं," भिमाजी म्हणाला. "पोटात मुरडा येतो, अंग ठणकतं. त्याला बोलता येत नव्हतं, एवढाच माझ्यात अन् त्याच्यात फरक. म्हणून मी त्याला शेवंतीच्या वाफ्यांतून फिरवत होतो. मला तिथं कोणी फिरवलं असतं तर बरं झालं असतं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय? जेलातून आलेला भाऊ सासरच्यांना पोर वाढवायला शिकवतो, हे तुला तिकडं ऐकावं लागलं असतं."

रंगूबाईंनी डोळे टिपले आणि नवऱ्याच्या गोधडीला एक हिसका दिला. "ऐकलं का? ऐकलं?"

तात्यांनी ऐकले होते. त्यांचे पाय आता इतके हलत होते की बाज करकरत होती. "भिमाजी," ते म्हणाले, आणि या दोन दिवसांत त्यांनी ते नाव प्रथमच घेतले, "मी मरत तर नाय ना?"

"मरत नाही. मरावंसं वाटतं, पण मरत नाही. अफू तुटली की बाहुल्याही अशाच मोठ्या होऊन बसतात. मात्र या वयात असं एकदम तोडणं बरं नाही. आज तुमचा नेहमीचा तुकडा घ्यायचा आणि उद्यापासून पायरी पायरीनं उतरायचं. एकवीस दिवस लागतील. डॉक्टरांनाही एकदा दाखवू."

"एकवीस दिवस? माझे कांदे?"

"कांदे तुमच्याशिवाय वाढतात," रंगूबाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं बघतेय मी."

देवरामच्या आत काहीतरी सैल होऊन गरगरू लागले होते. लहानपणी मोटेच्या दोरावर बसून धावेवरून खाली जाताना होई तसे. त्याला बोलायचे होते पुष्कळ, पण त्याला नेहमी जमत असे तेच त्याने केले. कामे वाटून दिली. "परवान्याच्या दुकानात मी जाईन," तो म्हणाला. "बियाण्याचा लहान तराजू आहे, त्यावर गुंजेनं तोलीन. कापेल गोजरा. भिमा लांबून सांगेल."

"आणि मी?" तात्यांनी विचारले.

"तुम्ही कुरकुर करायची. ते काम दुसऱ्या कोणाला तुमच्याइतकं जमणार नाही."

देवरामने विनोद केला, हे कळायला सगळ्यांना क्षणभर वेळ लागला. मग गोजराबाई अशी हसली की तिला ठसका लागला.

"मालक," पुंजा न्हावी म्हणाला, "नऊ दहा होऊन गेले."

देवरामने घड्याळ काढले, नऊ चौतीस झालेले पाहिले आणि खिशात ठेवून दिले. "होऊ दे," तो म्हणाला, आणि पाटापासून बाजूला सरकला.

भिमाजी जागचा हलला नाही. तो तात्यांकडे पाहत होता. तात्यांनी गोधडी छातीशी ओढली, नाक पुसले, आणि मोठ्या कष्टाने उठून सुनेच्या कडेवरचा नातू स्वतःच्या थरथरत्या हातांत घेतला. चार पावले चालून ते पाटापाशी आले.

"बस ना लवकर," ते करवादले. "किती वेळ धरू? हात कापतायत माझे."

भिमाजी बसला. तात्यांनी गेणूला त्याच्या मांडीवर ठेवले, सिंधुबाईने दोघांनाही कुंकू लावले, आणि औक्षणाचे तबक फिरताना तिच्या हातून तेल सांडले ते कोणी पाहिले नाही. पुंजाने पाण्याचा हात केसांवरून फिरवला, वस्तरा उचलला आणि थांबला.

"काय रे?"

"तीस वरसं जावळं काढतोय मी," पुंजा म्हणाला. "सगळी पोरं निजलेली असतात, मान टाकून. हे माझ्याकडं बघतंय हो. माझाच हात थरथरायला लागला."

"मी धरलंय," भिमाजी म्हणाला. "तू चालव."

वस्तरा कपाळावरून अलगद मागे गेला. पहिली बट भिमाजीच्या धोतरावर पडली. गेणूने मान वाकडी करून तिच्याकडे पाहिले, मग वस्तऱ्याकडे, मग पुंजाच्या मिशीकडे, आणि बोळके पसरून असा खिदळला की त्याचे सारे अंग मामाच्या मांडीवर उसळले.

"हा हसतो कशाला?" गोधडीतून तात्यांनी विचारले.

"जागा आहे तो, म्हणून," रंगूबाई म्हणाल्या.